कानबाईचा आठवडा

बाळाला मांडीवर थोपटत मी साड्यांच्या कारखान्याच्या एआय एजंटसाठी एका टूलचं वर्णन लिहिलं होतं: ‘घरी साड्यांना लेस लावणाऱ्या बाईचं नाव कामाच्या यादीतून काढतं. आठवडाभर साड्या परत न आल्यास वापरावं.’ आधी तिला फोन करून विचारावं, हे लिहायचं होतं. तेवढ्यात बाळ रडलं आणि राहूनच गेलं. श्रावणात आमच्या गोडादरा वस्तीतल्या निम्म्या खानदेशी बायका कानबाई देवीच्या सणाला आठवडाभर गावी जातात. मीही जाते. एजंट लिहिलेलं तेवढंच पाळतो; त्याला ते मी सांगितलंच नाही. लेस लावणाऱ्या शेजारच्या शोभामावशी आज गावाहून प्रसाद घेऊन आल्या. “मन्हं नाव कोनी काढं वं, पोरी? मन्हं काम दुसरीले दिधं म्हने.” “मावशी, मीच काढलं. माझंच लिहिणं अर्धवट राहिलं.” त्या हसल्या. “तू कसाले काढशी? मशीननी काढं व्हई.” मी समजावू लागले, तोच त्यांनी बाळ घेतलं. “मी धरस याले, तू लिख तुन्हं.”