मॉनिटरचा बिल्ला

"आठवडाभर वर्ग हीच घेणार, मी नुसती मागे बसणार," असं सांगून सिस्टरनी चौथीच्या नव्या मॉनिटरच्या फ्रॉकला बिल्ला लावला. तिने प्रार्थनेसाठी क्रूसाची खूण केली, तर मागून सिस्टरचा आवाज आला, "हळू गं, गाडी सुटतेय का?" पोरांनी माना वळवल्या आणि सिस्टरचं बघून खूण केली. मग गणितात 'अर्धा' म्हणजे काय ते दाखवायला तिने खडू मोडला. ही युक्ती तिची स्वतःची होती. "अगं, नवा खडू!" म्हणत सिस्टर फळ्याकडे धावल्या आणि उरलेला धडा त्यांनीच उरकला. ती दोन तुकडे मुठीत आवळून खांबासारखी उभी राहिली. "बघ, जमलं की नाही तुला?" सिस्टर कौतुकाने म्हणाल्या. तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिने बिल्ला काढून सिस्टरच्या झग्याला टोचला. सिस्टरनी खाली पाहिलं. "अगं, सरळ लाव!"