राहून गेलेली लायब्ररी

नवरा घरी बसून माउसवर चालणाऱ्या नव्या सिस्टिमसाठी सी भाषेत प्रोग्राम लिहायचा. प्रोग्राम कंपाइल व्हायचा, पण त्याचे भाग एकत्र जोडताना, म्हणजे लिंक करताना, महिनाभर रोज तीच एरर येत होती: फंक्शन सापडत नाही. मग तो आधी कीबोर्ड भिंतीवर आपटायचा आणि नंतर बायकोला.

एका दुपारी तो केस कापायला गेला. तिने सुजल्या डोळ्यांनी मॅन्युअल चाळलं आणि लिंकच्या कमांडमध्ये एका लायब्ररीचं, म्हणजे तयार फंक्शन्स असलेल्या फाइलचं, नाव वाढवलं. तो परतला तेव्हा स्क्रीनवर त्याच्या प्रोग्रामची विंडो उघडलेली होती.

"हे कुणी केलं?"

"मी!" ती हरखून म्हणाली. "अहो, एवढी एक लायब्ररी जोडायची राहिली होती."



त्या दिवशी पहिल्यांदाच शेजाऱ्यांना दार फोडून तिला दवाखान्यात न्यावं लागलं.