रिकामी पिशवी

गरुडाच्या पिंजऱ्यापुढे सकाळपासून रांग होती. प्राण्याचं मन जाणवून देणारा मनपट्टा कपाळावर बांधला की गरुडाच्या भराऱ्या माणसाच्या अंगात उतरायच्या. शेजारच्या कोआलाकडे कुणी फिरकत नसे.

प्राणी केंद्रात आता एकाच प्राण्याचा खर्च परवडणार होता, दुसऱ्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं होतं. प्रमुख डॉ. मृणाल टिळेकरांनी कुणाला ठेवायचं ते ठरवणाऱ्या समितीसाठी तुलना लिहिली होती: गरुडाचं मन तल्लख, कोआलाच्या मनात झोप आणि पाला, बाकी काही नाही.

"मॅडम, हिचा पट्टा कधी लावून बघितलात?" कोआलाला सांभाळणाऱ्या शेवंताबाईंनी विचारलं.

बघितला नव्हता. मृणालनी तो कपाळावर बांधला.

आधी निलगिरीचा वास आला. मग पोटावरची पिशवी जाणवली. ती रिकामी होती, तरी आत कुणी असल्यासारखी जपून आवळली जात होती. फांदीवर सुस्त दिसणारी ती मादी जागीच होती. पावलांच्या प्रत्येक आवाजाला तिला वाटत होतं, पिल्लू आलं.

ते पिल्लू गेल्या महिन्यात मृणालनीच दुसऱ्या केंद्राला देऊन टाकलं होतं, अंगावर पीत असताना. "तिला काय कळतंय," असंही त्या म्हणाल्या होत्या.

पट्टा सोडताना त्यांना शेवंताबाईंकडे बघवेना. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी रोज लावते. पिल्लू दिलंत तेव्हाच सांगितलं होतं मी तुम्हाला."

दुपारी समितीपुढे मृणाल खाली मान घालून उभ्या राहिल्या. "एकाचंच मन बघून मी दोघांबद्दल लिहिलं," त्या म्हणाल्या. "ही तुलना मी मागे घेते. पिल्लू आणायला मी स्वतः जाईन."

"आता ते आईला ओळखेल?" अध्यक्षांनी विचारलं.

"माहीत नाही," मृणाल म्हणाल्या. "ती त्याला ओळखेल."