वेळेवर आणलं

पिंपळवंडीच्या शाळेत नर्सबाई मेंदूज्वराबद्दल सांगून गेल्या, त्याच आठवड्यात ईश्वरीचा धाकटा भाऊ शौर्य तापाने फणफणला. त्याला सारख्या उलट्या होत होत्या आणि खिडकीतला उजेडही सोसवत नव्हता. चौथीतल्या ईश्वरीने त्याला हनुवटी छातीला लावायला सांगितलं, तर तो कळवळून रडायला लागला.

"आई, ह्याला मेंदूज्वर झालाय. नर्सबाईंनी असंच सांगितलं व्हतं."

"काय बी बोलू नको. मान आखडली असंल, तेल चोळते," आरती म्हणाली.

ईश्वरीने ऐकलं नाही. तिने आईचा फोन घेतला आणि टोमॅटो घेऊन नारायणगावच्या बाजारात गेलेल्या वडिलांना रडत रडत बोलावून घेतलं. गोरख माल तसाच सोडून परत आला आणि शौर्यला घेऊन थेट मोठ्या दवाखान्यात गेला.

"वेळेवर आणलंत, म्हणून मुलगा वाचला," डॉक्टर म्हणाले. गोरखने ते घरी फोन करून सांगितलं, आणि पोरीला कुठे ठेवू अन् कुठे नको असं आरतीला झालं.

बऱ्याच दिवसांनी शौर्य घरी आला. ओट्यावर पाठमोरा बसून तो आपल्या गाडीशी खेळत होता. ईश्वरीने त्याला मागून हाक मारली, मग आणखी मोठ्याने मारली. तिचा आवाज ऐकून आरती चुलीपासून उठून धावत आली.



आरतीने त्याच्या कानामागे जोरात टाळी वाजवली, पण शौर्य गाडी फिरवतच राहिला.