मुदतीआधी

लेकीला पाळणाघरात ठेवलं तर घराच्या कर्जात जादा भरायला काहीच उरणार नाही, म्हणून दोघांनी दिवस-रात्र वाटून घेतले. ती दिवसा कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला, तो रात्री बेकरीच्या भट्टीवर. सुट्टीच्या दिवशीही जादा काम घ्यायचे. संध्याकाळी ती आत आली की तो बाहेर पडायचा. "दूध तापवलंय," "छत्री घेऊन जा," एवढाच काय तो दारातला संसार.

"तुमच्या घरात नवरा-बायको राहतात की बदली कामगार?" शेजारच्या मावशी चिडवायच्या.

"घर एकदा आपलं होऊ दे मावशी, मग भांडायलासुद्धा निवांत समोरासमोर बसू," ती हसून म्हणायची आणि पोटाला चिमटा काढून वाचवलेलं सगळं कर्जात भरायची.

मुदतीच्या कितीतरी आधी कर्ज फिटलं. आता पाळणाघर परवडणार होतं, म्हणून त्याने दिवसाचं काम मागून घेतलं.

त्याच्या दिवसपाळीच्या पहिल्याच संध्याकाळी ती कारखान्यातून जवळजवळ धावतच घरी आली. तो जमिनीवर लेकीशी खेळत बसला होता. ती चप्पल काढून त्याच्या शेजारीच टेकली. कुणालाच कुठे जायचं नव्हतं. त्याने पाय लांब पसरले, तिने भिंतीला डोकं टेकलं.

लेक एकदा आईकडे, एकदा बाबाकडे बघत राहिली.


मग ती चिमुरडी आतून त्याचे बूट घेऊन आली आणि त्याच्या पायाशी ठेवत समजुतीने म्हणाली, "बाबा, आई आली. आता जा तू."