जान्हवीच्या आवडीनिवडी

"गेमचा नाव काढू नको हां," आईने पदर सारखा करता करता बजावलं. "आवडीनिवडी इचारल्यान तर भरतकाम सांग. वाचन सांग."

"आणि काय आवडना नाय म्हणान इचारल्यान तर?"

"तसा काय नाय म्हणान सांग."

जान्हवीने मान डोलावली आणि मनाशी ठरवलं की फक्त गेमबद्दलच बोलायचं. पाहुणा पोह्यांची बशी खाली ठेवून पळाला पाहिजे.

मालवणच्या बाजारात तिच्या भावाचं, सुदेशचं सायबर कॅफे होतं. दोन वर्षांपूर्वी, २००५ साली, बी.एस्सी. झाल्यापासून सकाळी तीच ते उघडायची. गिऱ्हाईक येईपर्यंत कोपऱ्यातल्या मशीनवर हेडफोन लावून भुताखेतांचे, जीव वाचवत पळायचे गेम खेळायची. गेल्या वर्षी तिने पुण्याला कॉम्प्युटर शिकायला जायचा विषय काढला होता. तिचे वडील, आबा, बंदरावर बर्फ पुरवायचे. बोलणंही तसंच, थंड आणि ठोकळ. "एकट्या पोरीक पुण्याक धाडूचंय नाय. लगीन झाल्यार न्हवरो धाडीत तर जा." आई, पद्मावती, तेव्हा शेजारीच नारळ खवत होती. ती एक अक्षर बोलली नव्हती. जान्हवीला आबांपेक्षा तिचाच राग जास्त आला होता.

आणि आता हे स्थळ. आईच्या देवगडच्या माहेराकडून कळलेलं. मुलाचं नाव विनीत, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. सोबत एक पिकल्या मिशांचे गृहस्थ होते, काका म्हणून. ते फारसे बोलत नव्हते.

पोहे झाल्यावर आबांनी दोघांना मागच्या पडवीत बसायला सांगितलं. काकाही पाय मोकळे करायला म्हणून मागे आले आणि माडाखाली उभे राहिले.

"तुमच्या आवडीनिवडी?" विनीतने विचारलं.

"मी गेम खेळते. भीतीचे."

तो दचकला नाही. "काय आवडतं त्यात?"

"गोळ्या कमी असल्या की आवडतं. सहाच गोळ्या आणि समोर सात जण. मग डोकं चालवावं लागतं. बंदूक भरभरून दिली की भीती संपली, नुसती शिकार उरते."

"आणि नावडतं?"

"भूत यायच्या आधी वाजणारं संगीत. म्हणजे काय, भुताने वर्दी देऊन यायचं? आणि एकदम अंगावर येणारी तोंडं. दचकणं वेगळं, भिणं वेगळं. दचकायला काय, दार आपटलं तरी माणूस दचकतं."

विनीत किंचित हसला. "अजून?"

आता तिला थांबवणं कठीण होतं. तीन-तीन दिवस पाण्याचा घोट न घेता धावणारे नायक तिला आवडत नसत. चिखलातून उंच टाचांच्या बुटांत पळणाऱ्या बायका तर मुळीच नाहीत. कारण नसताना भटकणारं भूत तिला फुकट वाटे. "आणि सगळीकडे रात्र, बर्फ, जुनी हवेली," ती म्हणाली. "आमच्याकडे खरी भीती भर दुपारी बाराला वाटते. माडांच्या बागेत. वारा पडलेला, माणूस नाही, आणि मागे झावळ पडते."

"तुम्ही गेम केलात तर कसा कराल?"

हे तिला कोणी कधी विचारलं नव्हतं.

"एक बेट. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला वाट बुडते. शस्त्र काहीच नाही. भूतसुद्धा नको. नुसतं पाणी चढत येतं आणि तुम्हाला भरतीची वेळ लक्षात ठेवायची असते. चुकलात की संपलं."

माडाखालच्या काकांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं.

"एकाच ठिकाणी जास्तीत जास्त किती वेळा हरलात?" विनीतने विचारलं.

"एका दारापाशी एकोणीस वेळा."

"सोडून नाही दिलात?"

"दिला असता तर दारामागे काय होतं ते कळलं नसतं."

पाहुणे गेले. स्वयंपाक येतो का, हे त्याने विचारलंच नाही, ही गोष्ट जान्हवीच्या रात्री जेवताना लक्षात आली. पळवून लावायला निघालेली ती, दुसऱ्या दिवशी फोन वाजला की कान टवकारू लागली. असा ऐकणारा माणूस असेल तर पुणंही चालेल आणि लग्नही, असं तिला वाटलं. त्या वाटण्याचं तिचं तिलाच हसू आलं.

चौथ्या दिवशी फोन आला. पत्रिका जुळत नाही.

"पत्रिका खंयची!" आबा कडाडले. "काय सांगलंस गो तेका? भुताची बडबड केलंस ना?"

ती तडक कॅफेत गेली. कोपऱ्यातलं मशीन तिने आठवडाभर सुरू केलं नाही. सुदेशने नवीन सीडी आणून दिली, तीही तशीच पडून राहिली.

पुढच्या मंगळवारी दुपारी आबा बंदरावर असताना आईने तिला मागच्या दारी हाक मारली. आई बांगडे साफ करत बसली होती. कोपराने तिने बाजूच्या पाटावरचा लिफाफा दाखवला. "ह्यां वाच."

लिफाफा आधीच फोडलेला होता. आत दोन कागद. पहिला टाईप केलेला, इंग्रजी. पुण्यातली एक गेम बनवणारी कंपनी जान्हवीला गेम तपासण्याच्या कामावर घेत होती. एक जूनला हजर व्हायचं होतं. खाली सही विनीतची. जान्हवीने तो दोनदा वाचला. दुसरा कागद हाताने लिहिलेला, मराठीत. तो तिच्या नावाचा नव्हता.

'सौ. पद्मावतीबाई यांस, स. न. वि. वि. आमची जाहिरात वाचून तुम्ही मुलीसाठी केलेला अर्ज मंजूर झाला आहे. तुम्ही कळवल्याप्रमाणे मुलाखत घ्यायला मी स्थळ म्हणून आलो आणि आमच्या मालकांना काका म्हणून आणलं, आबांना संशय आला नसावा. गेमचं नाव काढू नको म्हटलं की ती तेवढंच बोलेल, हा तुमचा अंदाज खरा ठरला.'