मावशींना कळता कामा नये

छापखान्यात त्याच्याच मशीनवरचा सोबती कोरोना पॉझिटिव्ह निघाला. त्याला स्वतःला मात्र ना ताप, ना खोकला.

"एकदा टेस्ट करून टाका की," बायको म्हणाली.

"आणि पॉझिटिव्ह आली तर? अण्णांना सांभाळणाऱ्या मावशी मग आपल्या घराची पायरी तरी चढतील का? अंथरुणाला खिळलेल्या माझ्या बापाचं कोण करणार? अंगात काही नाही, तर कशाला घ्यायचं विकतचं दुखणं?"

टेस्ट राहिली, पण मन खाऊ लागलं. तो अण्णांना दारातूनच बघून मागे फिरायचा. शेवटी एका सकाळी मावशी अण्णांना भरवायला बसल्या असताना तो उंबऱ्यात उभा राहिला आणि खाली मान घालून त्याने सगळं सांगून टाकलं.

मावशी रागावल्या नाहीत. उलट त्यांच्या मनावरचं ओझंच उतरलं.

"हात्तिच्या, एवढंच ना! आमच्याकडे तर मुलगा, सून दोघंही पॉझिटिव्ह आहेत. मला मेलीला काहीच होत नाही, म्हणून म्हटलं तुम्हाला तरी कशाला सांगा!"


आणि चमच्यातलं गरम सूप हळूच फुंकर घालून निववत त्यांनी ते अण्णांच्या तोंडाशी नेलं.